हिवरधऱ्याची गोधडी

बयनाबाई आमच्या शेजारची. दोन घरांमध्ये एकच कुडाची भिंत होती आणि तिला चुलीजवळ एक भोक पडलेलं होतं. त्यातून विस्तव, मीठ आणि गावातल्या बातम्या इकडून तिकडे जायच्या. तिचा नवरा चंपत माझ्या आईला अक्का म्हणायचा, म्हणून मी तिला मामी म्हणे. माझा जन्म चौसष्ट सालचा, तिच्याच हातावरचा. पुढे मी वांकिडीच्या शाळेत मराठीची बाई झाले, मुलं मला रेणुकाबाई म्हणू लागली, पण मामीसाठी मी शेवटपर्यंत ‘रेणी’च राहिले.

मामी लग्न होऊन हिवरधऱ्याला आली तेव्हा सोळा वर्षांची होती. माहेर राजुऱ्याकडचं. चंपत गावातल्या अमृतरावांकडे वर्षाच्या बोलीवर सालदार होता. घरात सासू धुरपताबाई. ती सुईण. आमच्या वस्तीतलीच नव्हे, सगळ्या गावातली बाळंतपणं तिच्याकडे. मामीला माहेराहून दोनच विद्या येत होत्या, अंबाडीचा वाख, म्हणजे सालीचे दोरे, काढणं आणि गोधडी शिवणं. तिचा टाका इतका बारीक की सासूनं पहिल्याच दिवशी गोधडी उलटी करून पाहिली आणि म्हणाली, “उलटी कोणती अन् सुलटी कोणती व हिची?”

तिची पहिली मुलगी झाली ती एकसष्टच्या माघात. नाव ठेवायचं राहूनच गेलं. सगळे चिमीच म्हणत. तिच्यासाठी मामीनं एक दुपटं शिवलं होतं, लाल आणि निळ्या धाग्यांचं. चिमी नऊ महिन्यांची असताना दिवाळीनंतर तापानं गेली. तीन दिवसांत सगळं आटोपलं.

नाल्याच्या काठी, अमृतरावांच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक मोहाचं झाड आहे. त्याच्याखाली चंपतनं तिला पुरलं. दुपटं मातीत घालायला त्याचं मन झालं नाही. त्यानं ते वरती पसरलं, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले आणि घरी आला. मामी त्यानंतर त्या वाटेनं गेली नाही. जेवायला बसायची, दोन घास खायची, उठायची. सुईदोरा तिनं भिंतीच्या फटीत खुपसून ठेवला तो ठेवलाच.

फाल्गुन संपता संपता मोह गळायला लागला. वेचायला घरातलं माणूस लागतंच. सासूचे गुडघे धरलेले, म्हणून मामीला जावं लागलं. पहाटे टोपली घेऊन गेली ती दुपार झाली तरी आली नाही. धुरपताबाई माझ्या आईला म्हणाली, “जाय व, पाहून ये.” आई गेली. मामी झाडाखाली बसलेली होती. टोपली रिकामी. मोहाची फुलं तिच्या डोक्यावर, मांडीवर पडून सुकली होती.

दुपट्याचं काय झालं होतं ते आईनं मला पुष्कळदा सांगितलं. अर्धं वाळवीनं खाल्लं होतं. उरलेल्या अर्ध्यातून मुंग्यांची वाट गेली होती. पण धागे कुठंच नव्हते. लाल नाही, निळे नाहीत. कोणी तरी एकेक ओढून काढावेत तसे गेले होते. मामीनं बोट वर केलं. धुऱ्यावरच्या बोरीत, छातीएवढ्या उंचीवर, बुलबुलाचं घरटं होतं. गवताच्या काड्यांत लाल-निळा धागा वळलेला, आणि आत दोन उघडी पिल्लं चोची वासून.

त्या संध्याकाळी मामी पोटभर जेवली. ज्वारीच्या दोन भाकरी, अंबाडीची भाजी. हात धुताना सासूला म्हणाली, “आत्याबाई, चिमीच्या दुपट्यात दोन लेकरं निजून राह्यले.”

 दुसऱ्या दिवशी धुरपताबाईनं आपलं एक जुनं लुगडं काढून सुनेच्या पुढ्यात टाकलं.

त्या लुगड्यावर मामीनं पहिलं झाड शिवलं. कापड पळसाच्या फुलांच्या पाण्यात रंगवून घेतलं. बुंध्याला अंबाडीचा वाख, मुळांना बिब्ब्याच्या काळ्या रेघा. परीट कपड्यांवर खुणा करतो तोच बिब्बा. त्या रेघा काढताना तिचं बोट भाजलं, त्याचा डाग जन्मभर होता. मुंग्यांसाठी सीताफळाच्या बिया, तापल्या सुईनं भोक पाडून टाचलेल्या. घरट्यासाठी खरंच गवत. सासू पाहून म्हणाली, “गोदडी पांघराले असते का पाहाले?”

“पांघरा ना, आत्याबाई,” मामी म्हणाली. “टोचली तर सांगा.”

म्हातारीनं ती एक हिवाळा पांघरली. टोचते म्हणून रोज कुरकुरली, पण परत दिली नाही.

पुढं सासूच्या हाताखाली मामी सुईणपण शिकली. दोन वर्षांनी तिला गया झाली. ती जगली, धष्टपुष्ट झाली, शाळेतही गेली. आणि त्याच सुमारास मामीनं तसंच झाड काढून मोठी गोधडी सुरू केली.

गावात लेकरू जन्मलं की ती बाळंतिणीच्या जुन्या लुगड्याचा तळहाताएवढा तुकडा मागून घ्यायची. त्याचं पान करून झाडाच्या वरच्या अंगाला लावायची. गावात कोणी गेलं की त्याच्याही अंगावरच्या कापडाचा तुकडा मागायची, तो खाली मुळांत. धोतर, लुगडं, टोपी, जे मिळेल ते. लोक आधी बिचकले. मेल्या माणसाचं कापड घरात ठेवतात का, असं म्हणाले. मग हळूहळू आपणहून आणून देऊ लागले. बायका तर कधी नुसतं पाहायला यायच्या. आपल्या सासऱ्याचं पागोटं कुठं लागलं, आपल्या पोरीचं पान कोणाच्या शेजारी आलं, हे पाहून जायच्या. मामीला अक्षर येत नव्हतं, पण प्रत्येक तुकड्याचं माणूस तिला तोंडपाठ होतं.

एकदा मी विचारलं, “मामी, जे पान वर हाय, ते माणूस मेलं तर काय करता? उसवून खाली लावता?”

“उसवाचं काऊन? जलमला तो जलमलाच.” तिनं मला एक धागा दाखवला. वरच्या पानातून निघून, फांदीवरून, बुंध्यावरून खाली मुळांपर्यंत गेलेला. “असा उतरते तो.”

एकोणसत्तरच्या श्रावणात अमृतरावांच्या सुनेचं बाळंतपण आलं. सुनेचं नाव रुख्मिणी. पहिलटकरीण. तोवर धुरपताबाई वारली होती, सुईण म्हणून मामीच उरली होती. अमृतरावांच्या घरी आमच्या वस्तीतल्या माणसानं पुढच्या दारानं जायचं नाही, असा रिवाज. मामी मागच्या दारानं बाळंतिणीच्या खोलीत गेली. तिथं दीड दिवस होती. मुलगी झाली, पण रक्त थांबेना. आसिफाबादच्या दवाखान्यात न्यायचं म्हणून अमृतरावांनी छकडा जुंपला, चंपतनंच हाकला, पण नाल्याला कमरेच्या वर पाणी होतं. छकडा काठावरून परत फिरला. रुख्मिणी घरी पोचायच्या आत गेली.

सुवेराची, म्हणजे बाळंतपणात विटाळलेली, वस्त्रं सुईणीला द्यायची रीत. रुख्मिणीचं हिरवं, बारीक चौकडीचं लुगडं घरच्यांनी मामीच्या अंगावर टाकलं, वारेबरोबर पुरून टाक म्हणून सांगितलं आणि घर धुऊन काढलं. मामीनं वार पुरली. लुगडं मात्र नाल्यावर धुतलं, त्याचा हातभर तुकडा ठेवला. बाकीचं मातीत घातलं.

त्या तुकड्यासाठी तिला जागा ठरेना. शेवटी तिनं तो मुळांत, चिमीच्या दुपट्याच्या उरलेल्या तुकड्याला लागून लावला. पोरीसाठी पान लावायला मात्र तिची हिंमत झाली नाही. गावात काही जण बोलत होते की बयनीच्या हातून बाई गेली. तिनं ते ऐकलं होतं. कित्येक वर्षं ती माझ्या आईला मधूनच विचारायची, “अक्का, म्या पोटावर आणखी दाबून धराले पाहिजे होतं का व?” आई म्हणायची, “तू नाला अडवू शकत होती का?” तेवढ्यापुरती ती गप्प बसायची.

अमृतरावांच्या मुलानं, खुशालनं, वर्षभरात दुसरं लग्न केलं आणि तो सासुरवाडीच्या गावी राहायला गेला. पोरीला आजोबांनीच वाढवलं. तिचं नाव शेवंता.

मी शाळेत लागले त्याला दोन वर्षं झाली होती. अठ्ठ्याऐंशीच्या जानेवारीत उटनूरला हातकामाचं एक प्रदर्शन भरलं. डोंगरातल्या गोंड बायका, बुरूड, कुंभार, सगळ्यांना बोलावलं होतं. मी मामीच्या मागे लागले. ती म्हणे, “गोदडी का दाखवाची वस्तू हाय?” पण गयेनं हट्ट धरला आणि आम्ही तिघी गोधडीचं गाठोडं घेऊन दोन बसगाड्या बदलून उटनूरला पोचलो.

गोधडी तंबूत दोरीवर टांगली तेव्हा मी पहिल्यांदा ती सबंध पाहिली. घरात ती कायम घडीतच असायची, एका वेळी हात-दोन हात दिसायची. उघडली तर तंबूची एक बाजू भरून गेली. शेकडो पानं, खाली तितकीच मुळं, मधून उतरलेले धागे, मुंग्या, पाखरं, नाल्याचं निळं. बुरूड बायका टोपल्या सोडून येऊन उभ्या राहिल्या. मामी एकेका तुकड्यावर बोट ठेवून सांगू लागली आणि मी ते हिंदीत सांगू लागले. रुख्मिणीच्या तुकड्याचंही सांगितलं.

हैदराबादहून, आमच्या राजधानीतून, आलेली एक अधिकारी बाई बराच वेळ पाहत होती. “चाला बागुंदी, अम्मा,” ती तेलुगूत म्हणाली. फार छान. मग माझ्याकडे वळून हिंदीत म्हणाली की ही आम्हाला द्या, शहरात मोठ्या भिंतीवर लावू, मोबदला चांगला देऊ. मी मामीला सांगितलं.

मामीनं विचारलं, “भिंतीले हिव वाजते का?”

मी भाषांतर केलं. बाई मोठ्यानं हसली. मामीही हसली, पण गोधडी दिली नाही. “माही एकटीची असती तर देली असती,” म्हणाली. “याच्यात सारं गाव हाय. कोणाकोणाले इचारू?” मग तिलाच बाईची दया आली असावी. म्हणाली, “तुमच्या घरचं कापड धाडा. तुमच्या मायचं, लेकरांचं. तुमची येगळी शिवून देतो.” आणि खरंच, दोन महिन्यांनी वांकिडीच्या पोस्टात एक पुडकं आलं. आत एका जुन्या रेशमी साडीचा पदर आणि एक झबलं. ती गोधडी मामीनं पावसाळ्याआधी शिवून पाठवली.

पण त्याच्या आधी दुसरंच घडलं. प्रदर्शनात वांकिडीचा एक व्यापारी होता. त्यानं परतल्यावर बाजाराच्या दिवशी अमृतरावांना सांगितलं, तुमच्या सुनेचं लुगडं बयनीच्या गोधडीत लागलंय आणि ती उटनूरला सगळ्यांना दाखवत होती.

बातमी भिंतीच्या भोकातून आमच्याकडे आली. चंपतचा चेहरा उतरला. सालदारकी सुटली होती तरी त्याच्या मनात मालक मालकच होता. “काऊन दाखवली व?” एवढंच तो मामीला म्हणाला. मी तर स्वतःलाच दोष देत होते.  मामी गोधडी बाजेवर घडी करून ठेवून दोन दिवस तिच्याशेजारी बसून राहिली.

तिसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, अमृतराव आमच्या वस्तीत आले. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच. सत्तरीचे, हातात काठी, आणि बरोबर शेवंता. उंच, सावळी, मान खाली. वस्तीतली माणसं दारादारांत उभी राहिली. मामी ओसरीवर आली, पदर सारखा केला आणि म्हणाली, “बसा, मालक.”

ते बाजेवर बसले. काठी आडवी मांडीवर ठेवली. “बयना, इचं लग्न ठरलं वैशाखात,” ते म्हणाले. “घरात इच्या मायचं काहीच नाही. फोटू नाही, लुगडं नाही. सारं तवाच टाकून देलं. हे पोट्टी मले इचारते, माय कशी होती, तर मले सांगता येत नाही. सून होती, म्या तिचं तोंड कुठं पाह्यलं?” मांडीवरची काठी सारखी केली. “लोक काय काय बोलले तवा. तुह्या हातून गेली म्हणाले. म्या तसं कधी म्हणलो नाही. पण नाही म्हणून कोणाचं तोंडही धरलं नाही. ते चुकलं माहं.”

मामीनं मान हलवली. मग माझ्याकडे पाहिलं. मी आणि गयेनं गोधडी अंगणात, बाजेवरून जमिनीपर्यंत, उलगडली.

शेवंता खाली वाकली. मामीनं तिचं बोट धरून हिरव्या चौकडीवर ठेवलं. मुलगी कितीतरी वेळ तो तुकडा चाचपत राहिली.  शेवटी तिनं विचारलं, “कशी होती?”

“हातावर तीळ होता, हितं,” मामीनं स्वतःच्या मनगटावर दाखवलं. “चिंच लई खाये. पोटुशी होती तवा मीच आणून द्यावो, मांगच्या दारानं, कोणाले न सांगता. दीड दिवस वरडली नाही. मले म्हणे, बाई, तुमचे हात थंड हायेत, बरं वाटते.”

शेवंता ऐकत होती. “मले पाह्यलं नाही ना तिनं,” ती म्हणाली. “सारे म्हणतात, मी व्हायच्या आधीच तिची शुद्ध गेली...”

“कोण म्हणते?” मामीचा आवाज एकदम चढला. “त्या खोलीत मी होतो का ते होते? तुले पुसलं अन् तिच्या छातीवर ठेवलं. तिनं तुह्ये बोटं मोजले. एका हाताचे, मंग दुसऱ्या हाताचे. म्हणे, बराबर हायेत. अन् हासली. पान खाऊन व्हावं इतका वेळ तू तिच्यापाशी होती. मंग रक्त वाढलं.”

शेवंता रडली. आजोबाही. त्यांनी तोंड फिरवून धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. माझ्या आईनं चहा करून आणला. अमृतरावांनी बशी घेतली आणि सावकाश पिऊन टाकली. दारातल्या माणसांनी ते पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं. मामीचं तिकडं लक्षही नव्हतं. ती कात्री शोधत होती.

“उसवून देतो तुले,” ती म्हणाली. “अर्धं ने, लगनाच्या पदरात बांध.”

शेवंतेनं कात्रीवर हात ठेवला. “नको, राहू द्या. हितं तिच्या आजूबाजूले लोक हायेत.” मग झाडाच्या वरच्या अंगाकडे पाहून म्हणाली, “माहं पान कुठं हाय?”

मामीनं खरं ते सांगितलं. लावलंच नाही, धीर झाला नाही. तेव्हा शेवंता म्हणाली, “मंग मीच लावतो.” आणि अंगावरच्या साडीचा काठ तिनं तिथंच कापून घेतला. तिला शिवायला येत नव्हतं. टाके वाकडे, एक इकडे, एक तिकडे, बोटाला दोनदा सुई टोचली. गया हसली. मी म्हटलं, “मामी, नंतर सरळ करून घ्या.” मामी म्हणाली, “हात लावू नको कोणी त्याले.”

त्या दिवसानंतर मामीनं माझ्या आईला तो जुना प्रश्न पुन्हा विचारला नाही.

नव्वद साली शेवंता बाळंतपणाला हिवरधऱ्याला आली. पहिलं बाळंतपण आईकडं करायचं असतं, आणि तिनं सरळ आजोबांना सांगून टाकलं की दवाखान्यात माझ्याबरोबर बयनामायच येईल. नाल्यावर तोवर पूल झाला होता. वांकिडीच्या सरकारी दवाखान्यात नर्सनं मामीला बाहेर बाकावर बसवलं. मी शाळा सुटल्यावर गेले तर ती तिथंच बसून शेंगा सोलत होती. “काळजी वाटते का?” मी विचारलं. “नाही व,” ती म्हणाली. “आत तिघी जणी हायेत, बाटल्या हायेत, बत्ती हाय. आमच्या वक्ताले म्या अन् एक कंदील.” थोड्या वेळानं नर्सनं मुलगा आणून तिच्या मांडीवर दिला, तर ती नर्सलाच म्हणाली, “आधी त्याच्या मायले दाखवलं का?”

त्यानंतर गावातली बाळंतपणं एकेक करून दवाखान्यात जाऊ लागली. मामीला त्याचं वाईट वाटलं नाही. “माहं काम कमी झालं ते बरंच झालं,” असं ती उघड म्हणे. दुपटी मात्र तिच्याकडूनच न्यायचे. रविवारी माझ्या शाळेच्या व्हरांड्यात आठ-दहा बाया जमायच्या. मामी त्यांना बिब्बा कसा धरायचा, वाख कसा वळायचा, ते शिकवायची. त्यांत शेवंताही असायची, माहेरी आली की. तिचे टाके कधीच सरळ झाले नाहीत.

शेवटची चार-पाच वर्षं मामीचे डोळे अधू झाले. गया सासरहून आली की एका बैठकीत तिच्यासाठी पंचवीस-तीस सुया ओवून ठेवायची. एकदा मी गेले होते तेव्हा मामी गोधडी मांडीवर घेऊन मुळांकडचा भाग चाचपत होती. माझा हात धरून एका रिकाम्या जागेवर ठेवला. एका अंगाला चंपतचं धोतर होतं, दुसऱ्या अंगाला सासूचं लुगडं.

“हे माही जागा,” म्हणाली. “गयीले सांगून ठेवलं. तुले बी सांगतो, ते इसरभोळी हाय.”

“कोणतं कापड लावायचं?” मी विचारलं.

“ते निळं पातळ हाय ना, पेटीतलं. चांगल्याच्यातलंच कापा, फाटकं नका लावू. जलमभर फाटकंच शिवलं.” आणि स्वतःच हसत सुटली.

दोन हजार एकच्या पौषात, दुपारी जेवून बाजेवर पडली असताना ती गेली. गयेनं निळं पातळ कापलं, चांगल्या भागातून. टाके आम्ही सहा जणींनी शाळेच्या व्हरांड्यात बसून घातले. शेवंता आपल्या पोराला घेऊन आली होती. अकरा वर्षांचा तो पोरगा गोधडीच्या कडेला बसून पानं मोजत होता आणि दर वेळी त्याची मोजदाद चुकत होती.